तळाचा नमुना

बाबा, तुम्ही चाळीस वर्षं डुलुथच्या गोदीवर
गव्हाच्या वाघिणी तपासल्यात.
पितळेची ती पोकळ सळई, तेव्हाच्या माझ्याहून लांब,
खुपसायचात ती थेट तळाला टेकेपर्यंत.
वर चांगलं धान्य कुणीही पसरतो, म्हणायचात,
नियत खाली असते.
शितावरून भाताची परीक्षा करणाऱ्यांवर
तुमचा काडीचा विश्वास नव्हता.

म्हणून पहिल्या खेपेला मी नुसतं ऐकून घेतलं.
मिसेस टिमरमननी मत्स्यालय दाखवलं,
पियानो दाखवला, झाकणाला कुलूप होतं,
चौकटीतले पाच तारे दाखवले.
सगळीकडे लिंबाचा वास.
इतका लिंबाचा, की विचारावंसं वाटलं,
खाली काय आहे?

मग रविवारी गेले, पावणेसातला, न कळवता.
बुटांना बर्फ तसाच.
चौदा नंबरच्या दारावर दिवा लागलेला,
आतून कुणी "हॅलो?" म्हणत होतं,
रिकाम्या दुकानात शिरल्यावर म्हणावं
तसं, संकोचून.
मी घड्याळाकडे बघत उभी राहिले
आणि मला माझीच लाज वाटत होती.
बाविसाव्या मिनिटाला मीच आत गेले.
बाईंना फक्त चष्मा हवा होता.
उशीखालीच होता.

रोल्फ फिनिक्सहून फोन करतो,
ताऱ्यांची बेरीज वाचून दाखवतो.
त्याच्याकडे आकाश बाराही महिने निरभ्र असतं.

पुलापलीकडचं घर दोन ताऱ्यांचं.
छतावर ओलीचा नकाशा, पियानो नाहीच.
पण तपासणीचा अहवाल दाराशीच, दोरीला बांधलेला,
पानांचे कोपरे हाताळून मऊ झालेले.
उभ्या उभ्या वाचला सगळा:
स्वयंपाकघरात उघडा राहिलेला डबा,
पडलेला एक म्हातारा,
दोन दिवस उशिरा लिहिलेली नोंद.
मग खोल्यांमधून हिंडले.
नखं बघितली लोकांची.
पाण्याचा ग्लास हाताला लागतो
की खिडकीत शोभेला ठेवलाय, ते बघितलं.
कोर्पो नावाची बाई गुडघ्यांवर बसून
एकाच्या बुटाची नाडी बांधत होती.
पलीकडच्या आजोबांना "दोन मिनिटं" म्हणाली
आणि तिसऱ्या मिनिटाला आली.

रात्री किती जणी असता, मी विचारलं.
तिनं आधी बोळाकडे पाहिलं.
"दोघी. कधी कधी मी एकटीच."
एवढं बोलून ती चादरीची घडी घालत राहिली,
आणि मला वाटलं, सळई तळाला टेकली.

घरी येऊन रात्रभर जागी होते.
हे खरं सांगितलं म्हणून तुम्हाला तिथे ठेवू,
की हे खरं आहे म्हणून ठेवू नको?
पहाटे आठवलं, बाबा,
स्वच्छ वाघीण तुम्हाला कधी मिळालीच नव्हती.
खडे असायचे, कुसळं, उंदराच्या लेंड्या.
तुम्ही मोजायचात, आकडा लिहायचात,
परत पाठवायचात फार थोड्या.
लपवलेलं सापडलं, तरच.

पहिल्या सकाळी तुम्ही लापशीत चमचा घातलात,
पार तळापर्यंत,
उचललात, उजेडात धरलात, हुंगलात.
कोर्पोनं विचारलं, कशी आहे?
"नंबर दोन," तुम्ही म्हणालात.
तिचा चेहरा पडला.
चाळीस वर्षांत तुम्ही नंबर एक
किती वेळा दिला होतात
ते मी तिला बोळात गाठून सांगितलं.
ती हसली, मग म्हणाली,
"उद्या बघू."

माझं नाव तुम्हाला आता आठवड्यातून एकदाच आठवतं.
मी रविवारी येते,
पावणेसातला, न कळवता.
आधी ग्लास कुठे आहे ते बघते,
मग तुम्हाला.